टाकीवरची टकटक

भूतखेत, भानामती यांवर माझा काडीचा विश्वास नाही. शेजारणीच्या अंगात आलं की मी तिला चहा पाजून घरी धाडायची. चौथी शिकलेली आहे मी, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

उदगीरला आमचं मोटारसायकलचं गॅरेज आहे. आमचे मालक वारल्यापासून सून चालवते, शोभा. सासऱ्यानंच शिकवलं तिला. मला ते पसंत नव्हतं... गल्लीतल्या बायका टोमणे मारायच्या.

यंदा उन्हाळ्यात देगलूरच्या एका काकांची जुनी फटफटी आली, दोन कार्बोरेटरची. शोभा म्हणाली, "आत्या, ही जमली न्हाई तर शटर ओढते. द्या मग दुकान भाड्यानं."

बरंच होईल, मी मनात म्हटलं.

तिनं दोन्ही कार्बोरेटर खोलले, धुतले, त्यातल्या जेटची बारीक भोकं उन्हात धरून बघितली. भर दुपारी सेटिंगला बसली. याला दोघं लागतात. एकानं रेस धरायची, दुसऱ्यानं आवाज ऐकत स्क्रू फिरवायचे. मालकांच्या वेळी रेस मीच धरायची. ते बोलायचे नाहीत; पेट्रोलच्या टाकीवर बोटानं दोनदा टकटक केली की मी रेसची मूठ सोडायची.

त्या दिवशी शोभा "सोडा" म्हणाली तरी मी मूठ पुरती सोडायचीच नाही. किंचित धरून ठेवायची. त्या आवाजावर ती स्क्रू बसवायची, आणि मी हात काढला की गाडी बंद. पुन्हा खोलाखोल.

काका म्हणाले, "बाई, चपात्या फुगवायचं काम न्हाई हे."

"तुमच्याकडनं चपात्या तरी कुठं फुगत्यात, काका?" शोभा म्हणाली. पण आवाज रडवेला होता.

गाडी परत चालू केली. मी मूठ तशीच चोरून धरली — आणि टाकीवर टकटक झाली. दोनदा.

हात आपोआप सुटला. गाडी बंद पडायला लागली, शोभानं लगेच स्क्रू फिरवला, आणि इंजिन संथ चालत राहिलं.

शोभाचे दोन्ही हात कार्बोरेटरवर होते. काका लांब, खुर्चीत.

"आत्या, टाकी तुम्ही वाजवली?"

"हाव," मी म्हणाले. मान वर होईना.

माझा मुलगा म्हणतो, तापलेला पत्रा वाजतोच. वाजत असेल. पण दोनदाच, आणि नेमका तेव्हाच? मला काही सांगता येत नाही.

शटर उघडंच आहे. शोभा गिऱ्हाइकांना सांगते, "रेस धरावी तर आमच्या आत्यांनीच." मी पदरानं तोंड पुसते आणि मूठ धरते.