दोनशे वर्षं मागे गेलेला नायक

फलटणच्या वाचनालयात एक निवृत्त हवालदार रोज माझ्यासमोर बसतात. पुस्तक ते कवायतीची तपासणी करावी तसं वाचतात आणि नायकाच्या चुका बोटांवर मोजून सांगतात. मी रडत वाचलेली एक प्रेमकादंबरी मीच त्यांना दिली. तिच्यातला नायक प्रेयसीची माफी मागायला दोनशे वर्षं मागे जातो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. "आवं सर, एवढा लांब गेला आन् तिच्या दारात पाच पानं चंद्राकडंच बघतोय. आमच्या पलटणीत असता तर रजा रद्द केली असती."

"प्रेम आहे ते," मी म्हणालो.

"व्हय. वहिनी कुठं हायत?"

त्यांना ठाऊक होतं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात मी बायकोला माहेरी जाऊ दिलं नाही. त्या वारल्यावर ती माहेरी गेली, ती आठ महिने झाले तरी परतली नाही. मी एकदाही माफी मागायला गेलो नाही.

"वडूजला."

"यष्टीनं दीड-दोन तास. चला, आत्ताची गाडी घावंल. मी बी येतो."

मी गुडघेदुखीचं कारण सांगितलं. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे सावकाश पाहिलं, कपाटातून कादंबरीचा दुसरा भाग आणून दिला.

"मग ह्यो वाचा. रडायला लय हाय ह्यात."

मी तो घेतला.