पदराखालची पुडी

सून सुके बोंबील भाजते आहे. त्या वासाने पस्तीस वर्षांपूर्वीचं पनवेलचं मैदान आठवलं. दिल्लीहून मोठा नेता सभेला आला होता. त्याला राखणाऱ्या कमांडोंत माझा महादू होता. दोन वर्षांनी दिसत होता. नेत्याकडे पाठ करून तो लोकांचे हात न्याहाळत होता. मी पदराखाली बोंबलांची पुडी धरून पुढे सरकले.

"महादू, मी हाय रे!"

"बाई, हात बाहेर काढा."

शेजारची जनी हसली. "तुज्या पोरानं वळख नाय दिली गं!"

मी पुडीसकट हात वर केले. त्याने पाहिलं आणि नजर पुढच्या माणसावर नेली. घरी येऊन रागाने सगळे बोंबील मीच खाल्ले.

आता वाटतं, तिथे तो "आये" म्हणाला असता, तर सुट्टीवर आल्यावर मीच त्याला झोडला असता.