तपकिरी शेंबूड

मेहुण्यांच्या दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या शोभेच्या काचटाकीत, मिटलेल्या प्रवाळांवर, तपकिरी शेंबूड, म्हणजे शेवाळासारखा चिकट थर, पुन्हा चढला होता, बुडबुड्यांसकट. दर रविवारी ते सगळं पाणी बदलतात आणि सोमवारी तो हजर.

टाकी बघायला आलेला दुकानदार शेवटी वैतागला. "साहेब, पाणी बदलणं थांबवा. जरा घाण राहू द्या. बाकीचे बारीक जीव वाढले तरच हा हटेल."

"घाण? माझ्या घरात?" म्हणत मेहुण्यांनी नव्या पाण्याची बादली ओतली.

स्वच्छतेचाही एक माज असतो. ज्या घरात पोरंटोरं पाय टाकायला घाबरतात, तिथे टिकणार कोण? असला चिकट शेंबूडच.

मी चहा संपवून उठलो. चप्पल घालताना मागे पाहिलं, तर मेहुणे माझी खुर्ची फडक्याने पुसत होते.