लोणारच्या दगडातली काळी पट्टी

माझ्या पीएचडीच्या गाईडना विद्यार्थ्यांचे खण उघडायची सवय होती. विचारणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे.

चंद्रावरचे खडक आपल्या हाती थोडेच लागतात! म्हणून आमचं काम लोणारच्या दगडावर चाले. तिथेही उल्का आदळली ती बेसाल्टवरच. अशा तडाख्याने खडकात दाबाची लाट घुसते आणि फेल्डस्पार या खनिजाचा स्फटिक न वितळताच आतून मोडतो. बाहेरचा आकार तसाच, आत मात्र काच. चंद्रावरच्या खडकांतही हेच दिसतं. मला तशी एक पट्टी सापडली. दगडाचा कागदाहून पातळ काप काचेवर चिकटवून मी स्लाइड केली होती. सूक्ष्मदर्शकाखाली दोन पोलरायझरांमध्ये, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या चकत्यांमध्ये, ती फिरवली, की साधा फेल्डस्पार उजळतो. ही पट्टी काळी ती काळीच.

"अगं, घासताना कण निखळलाय. भोक आहे ते," गाईड सगळ्या प्रयोगशाळेसमोर म्हणाले. भोकही तसंच काळं दिसतं, हे खरं; वरचा पोलरायझर काढला तरच फरक कळतो. सगळे हसले.

पुढे त्याच पट्टीवर, लोणारात चंद्रावरच्यासारखी काच सापडली म्हणून, त्यांचं जाहीर व्याख्यान लागलं. शोध त्यांचा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण रडत बसणारी मी नव्हे. खरी स्लाइड वाघोलीला घरी नेली. खणात एक दुसरीच ठेवली, तोच नंबर कोरून. हिच्यातला कण मात्र खरंच निखळला होता. अपेक्षेप्रमाणे ती दोन दिवसांत गायब झाली.

व्याख्यानाला निवृत्त मंडळींची ही गर्दी. सूक्ष्मदर्शक पडद्याला जोडलेला, पट्टी काळीभोर. मी हात वर केला.

"सर, वरचा पोलरायझर काढून दाखवता?"

त्यांनी ऐटीत काढला. पट्टीच्या जागी गोंदात अडकलेला हवेचा बुडबुडा दिसला, चांगला गोल गरगरीत.

पहिल्या रांगेतले आजोबा म्हणाले, "अहो, चंद्रावर हवा कधीपासून आली?"

हशा उसळला. मी हसले नाही. मला सरांची लाल झालेली कानशिलं डोळे भरून बघायची होती. इतकं गार वाटलं म्हणून सांगू!

ते दातओठ खात माझ्याजवळ आले. "तुझी खरी स्लाइड कुठंय?" पुटपुटलेच, पण कॉलरचा माइक चालू होता.

"माझी ना, सर?" मी मोठ्याने विचारलं. सगळं सभागृह त्यांच्या उत्तराची वाट बघत होतं.