हवा धरलेला कॅमेरा

जगात जे काही बिघडतं ते पाण्याच्या लाईनीसारखंच बिघडतं आणि तसंच दुरुस्त होतं, असं मानणारा एकच माणूस मी उभ्या जन्मात पाहिला, आणि नेमकी त्याच्याच घरात माझी लेक दिली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम आधी सांगतो. रविवारची दुपार होती. गच्चीवर दोन उपड्या बादल्यांवर आम्ही दोन म्हातारे बसलो होतो. समोरच्या नव्या बिल्डिंगीनं आपलं वारं जास्त अडवलं का नेट जास्त अडवलं, यावर वाद घालत भाजलेल्या शेंगा खात होतो. टरफलं ते स्वतःच्या खिशात भरत होते, कारण टरफल उडून मोरीत गेलं की लाईन चोक होते. त्या दुपारपर्यंत सात महिने मी या माणसाला फसवत होतो. निदान मला तसं वाटत होतं.

आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. इवायाचा मान जावयापेक्षा बोटभर कमी, एवढाच. घरी आला की त्याला खुर्चीवरून हलू द्यायचं नसतं. आमचे इवाई मात्र दारात चप्पल काढायच्या आधी पँटीचे पाय दुमडायचे आणि पिशवीतून पक्कड काढायचे. एकदा भावकीतल्या एकानं मला चारचौघांत विचारलं, इवायाला शिडीवर चढवतोस, लाज वाटत नाय का? मी म्हणालो, मी चढवत नाय, ते उतरत नायत.

त्यांचा सगळा जन्म शहराच्या पाणीपुरवठ्यात वॉलमन म्हणून गेला. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून लांब दांड्याची किल्ली लावायची, वॉल फिरवायचा, या गल्लीचं पाणी बंद करून त्या गल्लीला सोडायचं. सोबत एक लोखंडी सळई असायची. तिचं एक टोक पाईपावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, की जमिनीखाली कुठं पाणी गळतंय ते त्यांना ऐकू यायचं. रिटायर झाले तेव्हा त्यांनी साहेबाकडनं ती सळई तेवढी मागून घेतली. माझ्या घरचा कॅमेरा पहिल्यांदा बंद पडला त्या दिवशी ते तीच सळई घेऊन आले. खिडकीतल्या नेटच्या डबीवर एक टोक टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. सगळं घर गप झालं. आमच्या मालकिणीनं, म्हणजे बायकोनं, तर कुकरचा गॅस बंद केला. बऱ्याच वेळानं डोळे उघडून ते म्हणाले, "टाकीत पाणी हाय. पुढं जात नाय." हसू नका. डबीचे दिवे लागलेले होते आणि कॅमेऱ्यात काही दिसत नव्हतं, म्हणजे बोलणं बरोबरच होतं.

कॅमेरा आला कसा तेही सांगायला पाहिजे. माझ्या बापानं फुलंब्रीकडं मेंढरं राखली. मी चौथीतून शाळा सोडली आणि पुढं वाळूजला कंपनीच्या गेटवर तीस वर्षं राखण केली. आता माझीच राखण एक कॅमेरा करतो. ते दुष्काळाचं साल होतं. शहर आमच्या कॉलनीला ओलांडून पुढं गेलं होतं, जिथं मी ज्वारी उभी पाहिली तिथं चार चार मजले उभे राहिले होते. माणसं वाढली आणि पाणी तेवढंच. ते कधी आठ दिवसांनी यायचं, कधी दहा. अशात आमच्या अंगणातल्या काळ्या टाकीतून कोणीतरी दोन हंडे पाणी काढून नेलं. सोनं गेलं असतं तर मालकीण एवढी बोलली नसती. पोरगा पुण्याला नोकरीला. त्यानं तिथून कॅमेरा धाडला, दुकानाचा माणूस येऊन फाटकाच्या खांबावर बसवून गेला. तीस वर्षं राखण केलेल्या माणसाच्या फाटकावर. मी दोन दिवस जेवलो नाही, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

तर हा कॅमेरा सारखा जायचा. पुण्याहून फोन यायचा, "अण्णा, ऑफलाइन दाखवतंय." दुकानाचा माणूस दोनदा आला, दोनदा डबी बंद करून चालू केली आणि गेला. व्याह्यांनी मात्र महिनाभर वहीत लिहून काढलं, कॅमेरा कोणत्या दिवशी गेला आणि कोणत्या दिवशी आला. मग एका सकाळी जाहीर केलं, की ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी कॅमेरा जातो, आणि टाकी उपसत आली की परत येतो. त्यांना वेड लागलं असं माझ्यासकट सगळ्यांनी धरलं. पण खरंच तसं होतं. डबी खिडकीत, कॅमेरा फाटकावर, आणि मधे टाकी. टाकी रिकामी असली की नेट तिच्यातून आरपार जायचं. भरली की पाणी त्याला अडवायचं. म्हणजे टाकीत चोरण्यासारखं काही नसलं की राखण चालू, आणि पाणी आलं की राखण बंद. त्यांनी डबी खिडकीतून उचलून माळ्यावर ठेवली आणि कॅमेरा सुरळीत झाला. दुकानाच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणाला, काका, असं असतं हे आम्हाला शिकवलंय. मग सांगितलं का नाही? तर म्हणाला, मी यायचो तोवर टाकी उपसलेली असायची, भरलेली कधी दिसलीच नाही.

बाकीच्या बिघाडांवर त्यांचा एकच इलाज, तो म्हणजे हवा काढणे. लाईनीत हवा धरली की पाणी पुढं सरकत नाही, तसंच नेटचं. सगळं बंद करायचं, शंभर आकडे मोजायचे, मग उगमापासून एकेक चालू करत यायचं. मधला वॉल सोडून पुढं उडी मारायची नाही. आकडे ते मनात म्हणायचे, ओठ हलायचे, त्यामुळं मालकिणीला वाटायचं मंत्रच आहे. ती हात जोडून उभी राहायची. एकदा शेजारच्या आपाच्या दारात जाऊन त्यांनी तिला टीव्ही बंद करायला लावला, कारण खांबावरून दोघांच्या घराला एकच लाईन आणि आपा आमचं प्रेशर ओढत होती. आपा म्हणाली, "भाईसाब, सीरियल खतम होने दो, फिर सारा प्रेशर तुम्हारा." ते पायरीवर बसून राहिले. सीरियल संपली, टीव्ही बंद झाला आणि कॅमेरा आला. आपा अजून त्यांना पीरबाबाच समजते.

मालकिणीचं आणि कॅमेऱ्याचं वेगळंच होतं. फाटकाकडं जाताना ती डोक्यावर पदर घ्यायची. त्यात पोरगा बसलाय असं ती धरून चालली होती. मी समजावून सांगितलं तर म्हणाली, बसला नाय तर बघतो कुठून? रोज सकाळी झाडलोट झाली की खांबासमोर उभी राहून त्याला सगळी खबर द्यायची. पाणी आलं का, टँकर आला का, कोण मेलं, कोण बाळंत झालं. आणि त्या खबरीत व्याह्यांचा उद्धार ठरलेला. कारण हा माणूस इतकी वर्षं वॉलवर होता, पण सोयऱ्याच्या गल्लीला त्यानं दोन मिनिटं पाणी कधी जास्त सोडलं नाही. बारसं असो, लग्न असो, ती भर पंगतीत म्हणायची, पोटची पोर दिली, पण एक हंडा जास्त मिळाला नाय. ते मान खाली घालून ऐकायचे आणि आणखी एक पोळी मागून घ्यायचे.

ज्या पावसाळ्यात पाऊस आला नाही त्या पावसाळ्यात ती गेली. तीन दिवस दवाखान्यात होती. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

तेरावा झाला, पाव्हणे गेले. चार दिवसांनी अंगणात बसलो होतो तेव्हा दुकानाच्या माणसाचं एक बोलणं आठवलं. कॅमेऱ्याच्या पोटात नखाएवढं कार्ड असतं, ते भरलं की मागचं पुसतं आणि त्यावर नवं भरतं. म्हणजे मी इथं रिकामा बसलोय, हे भरून घ्यायला तो तिला पुसत होता. मी तसाच उठलो, गच्चीवर जिन्याच्या खोलीत जिथं त्याच्या विजेची पिन बसवली आहे तिथं गेलो आणि पिन उपटली. तोवर किती पुसलं गेलं, काही शिल्लक होतं का, देव जाणे. पिनेत धूळ जाऊ नये म्हणून तिच्या लुगड्याचं फडकं गुंडाळून ठेवलं. कार्ड उघडून बघायचं धाडस झालं नाही. उघडलं नाही तोवर ती आत होती.

पुण्याहून फोन, अण्णा, ऑफलाइन. मी म्हणालो, नेट नसंल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी पोरानं बहिणीच्या सासऱ्याला सांगितलं आणि पुढच्याच रविवारी पँटीचे पाय दुमडून व्याही दारात उभे. आता मी पकडला जाणार. पण त्यांचा नियम माझ्या कामी आला. उगमापासून सुरुवात, एका रविवारी एकच वॉल. पहिल्या रविवारी डबी. दुसऱ्या रविवारी डबीची वायर. मग खांब, मग आपाचा टीव्ही, मग खिडकीच्या गजाचा गंज. मी चहा करायला आत जायचो, ते सळई लावून बसायचे. चहा मला येत नाही. साखर कुठं ठेवायची ते तिला माहीत होतं. कधी अगोड, कधी मीठ पडलेला, ते बशीत ओतून निमूट प्यायचे आणि पोराला फोन करून सांगायचे, लाईनीत हवा हाय, टाइम लागंल. असे सात महिने. गच्चीचा वॉल यायला अजून वर्ष जाईल असा माझा हिशेब होता.

तर त्या रविवारी गच्चीवरच्या शेंगा संपल्या. त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "इवाई, गंजून बसलेला वॉल कोणता आन माणसानं हातानं बंद केलेला कोणता, ते मला लगेच कळतं. गंजलेल्याला कोणी फडकं गुंडाळत नाय."

मी म्हणालो, "कवा बघितलं?"

"पहिल्या रविवारी. तुम्ही आत साखर हुडकीत होता."

"मग सात महिने काय करीत होता?"

"चहा पीत होतो," ते म्हणाले.

मला राग आला. मी म्हणालो, इवाई म्हणून मान ठेवतो, नाहीतर खाली ढकललं असतं. ते म्हणाले, ढकला, पण आधी कारण सांगा. मग मी सांगितलं. पोराला नाही, लेकीला नाही, ते पहिल्यांदा त्यांना सांगितलं. ऐकून ते टरफलांचा खिसा चाचपत राहिले.

"आत काय हाय का नाय, बघितलं?"

"नाय. नसलं तर?"

"दुष्काळात टाकीत वाकून बघायला मी बी भ्यायचो," ते म्हणाले. "पण खाली माणसं हंडे घेऊन उभी असायची. तुमचं पोरगं तिकडं हंडा घेऊन उभं हाय, इवाई. आई गेली आन बापबी दिसत नाय."

त्यांनी सुनेला, म्हणजे माझ्या लेकीला, फोन केला. ती स्कुटीवर लॅपटॉप घेऊन आली, येताना नवं कार्डही घेऊन आली. बिचारीला अर्धं सासऱ्याकडनं माहीत होतंच. व्याही फाटकाला शिडी लावून चढले, कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि जुनं कार्ड आणून माझ्या तळहातावर ठेवलं. नखापेक्षाही लहान होतं. मी मूठ मिटली. कोणीच घाई केली नाही. मग उघडली.

लेकीनं कार्ड लॅपटॉपात घातलं. बरंचसं पुसलं गेलं होतं. मागच्या टोकाला काही दिवस राहिले होते. त्यातल्या एका सकाळी ती झाडू ठेवून, पदर घेऊन खांबासमोर आली.

"आज नववा दिस, पाणी नाय," ती म्हणाली. "तुझ्या बहिणीच्या सासऱ्यानं जलमभर वॉल फिरवला, पर आपल्या गल्लीला एक आटा जास्त फिरवला नाय. आन तुझा बाप झोपलाय."

मग तिनं टाकीचं झाकण दाबून बसवलं, दोन पावलं घराकडं गेली आणि परत फिरली.

"जेवलास का?"

आणि एखाद्याला व्हय म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती वर बघत थांबली. तिला ते ऐकू आलं असावं. मान हलवून गेली.

लेक रडत होती. व्याह्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि मालकिणीकडं बघितल्यासारखं लॅपटॉपकडं बघून म्हणाले, "खरं हाय, इहीणबाई. दोन आटे फिरवायला पायजे होते." एवढ्या वर्षांत ही कबुली त्यांनी पंगतीत कधी दिली नव्हती. ती असती तर तिनं त्यांना अर्ध्या जेवणावरून उठवून पुन्हा म्हणायला लावलं असतं.

जुनं कार्ड लेकीनं डबीत घालून माझ्या पेटीत ठेवलं. पोराला धाडायचं ते धाडलं. व्याही नवं कार्ड बसवून आले, गच्चीवर जाऊन फडकं सोडलं, घडी करून माझ्याकडं दिलं आणि पिन खोचली. शंभर आकडे मोजून झाल्यावर कॅमेऱ्याचा दिवा लागला. मग त्यांनी पँटीचे पाय खाली सोडले आणि सळई पिशवीत घातली. दुरुस्तीचं काही शिल्लक राहिलं नव्हतं. जाताना म्हणाले, येतो. कधी, ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. मी टाकी भरली, झाकण दाबून बसवलं, टोपी नीट केली आणि खांबासमोर उभा राहिलो. म्हणालो, पाणी आलं. टाकी भरली. मी झोपलेलो नाय. सकाळचे साडेसहा वाजले होते, तरी विचारलं, जेवलास का? आणि ती थांबली होती तेवढा वेळ थांबलो.

मग आत जाऊन व्याह्यांना फोन लावला आणि सांगितलं, कॅमेऱ्यात थोडी हवा वाटते. ते म्हणाले, कशाला हात लावू नका, निघालोच. सोमवार होता. मी साखरेचा डबा आधीच हुडकून ओट्यावर काढून ठेवला.