आबांचं नाक

दूध नासल्याचा वास आला की मला अजून ती सकाळ आठवते.

आबा बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत होते. कॅनचं झाकण काढून नुसत्या वासावरून दूध चांगलं की आंबलेलं, ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्या सकाळी ते तोंडात लवंग धरून कामाला निघाले. ती लवंग कशासाठी असते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आईनं दुधाचं पातेलं त्यांच्यापुढं धरलं.

"कसं हाय, बघा."

मला दारापर्यंत आंबूस वास येत होता. आबांनी हुंगलं.

"ताजं हाय की."

आईनं पातेलं गॅसवर ठेवलं. आम्ही तिघं बघत उभे राहिलो. दूध फाटलं. आता आबा पातेलं भिंतीवर आपटणार, असं मला वाटलं.

आबांनी पुन्हा नाक खाली नेलं. "मला वासच येत न्हाय गं." लवंग थुंकून त्यांनी गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. "दवाखान्यात चल. किती दारू पितो ते तूच सांग. मी खोटं बोलीन."

आज सकाळी मी गॅसवर दूध ठेवून फोनवर बोलत होते. ओसरीवरून आबा ओरडले, "पोरी, दूध नासलं बघ!"