वायलीचं तुटलेलं बोट

अमेरिकेत मिझुरीतल्या सिडेलिया गावात ओलेटा टिब्सच्या इस्त्रीला तोड नव्हती, आणि जिभेलाही. चाळीस वर्षं ती एकच गोष्ट सांगत आली होती: तिच्या बापानं, जोसायानं, बांधलेली रॅगटाइमची, म्हणजे डाव्या हातानं ठेका आणि उजव्यानं सूर अशी पियानोची, धून वायली क्रम्पनं चोरली आणि स्वतःच्या नावावर छापली. गावात नाटकं बसवणाऱ्या गेन्समास्तरांनी तिच्या आठवणींवरूनच त्या दोघांचं नाटक लिहिलं. मंचावर नट पियानो वाजवल्याचं सोंग करायचे; पडद्याआड खरा पियानो वाजवायची ओलेटा.

शेवटच्या तालमीला वायलीची मुलगी हेस्टर येऊन थडकली. हॅटही न काढता म्हणाली, "मास्तर, उद्या सगळ्या गावासमोर माझ्या बापाला चोर ठरवणार?"

"चोराला चोर नाही तर काय पाद्री म्हणायचं?" ओलेटा उसळली. "रेल्वेच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताचं बोट गेलेलं, करंगळीशेजारचं. आणि म्हणे त्यानं ही धून बांधली! थांब, दाखवतेच तुला."

तिनं स्वतःचं ते बोट दुमडून रुमालानं करकचून बांधलं आणि वाजवायला बसली. पहिल्याच ओळीत आपण अडखळणार, याची तिला खात्री होती.

ती अडखळली नाही. दुसरी ओळ गेली, तिसरी गेली. बांधलेल्या बोटाची गरजच पडेना. पन्नास वर्षं तिनं ही धून वाजवली होती, पण ते बोट यात लागतच नाही, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. बाबांसारखा धडधाकट दहा बोटांचा माणूस असं कशाला बांधील?

चौथ्या ओळीला ती मुद्दाम चुकली.

"अडलात!" मास्तरांना सुरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. "बघा हेस्टरबाई, चार बोटांनी जमतच नाही."

हेस्टर मान खाली घालून दाराकडे निघाली.

ओलेटाला स्वतःची भयंकर लाज वाटली. "हेस्टर, थांब! मी मुद्दाम चुकले गं." आणि बोट तसंच बांधलेलं ठेवून तिनं धून शेवटपर्यंत वाजवली. कुठेही हात अडला नाही.

"मास्तर, चोरीचा प्रवेश काढा. उजव्या हाताची धून वायलीकाकांची आहे." तिनं बोटाचा रुमाल सोडला. "बाबांचा फक्त डाव्या हाताचा ठेका, तो त्यांच्या सगळ्याच धुनींत असायचा. आणि मला सांगत राहिले, सगळं माझंच म्हणून."

हेस्टर परत आली, तिच्या शेजारी बाकावर बसली.

"छापायला देताना कागदावर दोन नावं होती, ओलेटा," ती हळूच म्हणाली. "मी सात वर्षांची होते. तुझ्या बाबांचं नाव माझ्या बापानं माझ्यासमोर खोडलं."